घट्ट बसलेला बोल्ट

मंडळी, आज एका बोल्टमुळे माझा नुसता जळफळाट झालाय.

नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या आमच्या नेमबाजी क्लबात रिकाम्या काडतुसांत पुन्हा दारू भरायचा हातप्रेस आहे. त्याच्या दांड्याचा बोल्ट दर शनिवारी सैल व्हायचा. मग क्लबातला यान मला हाक मारायचा आणि मी पाना घेऊन धावायचो. एरवी सगळे डचमध्ये गप्पा मारतात, मला ती धड येत नाही, मी नुसता हसतो.

आज नवी मेंबर स्नेहा आली, आपल्या पुण्याचीच. तिने बोल्ट काढून आटे पुसले, लॉकिंग गोंदाचा थेंब लावला आणि तो परत आवळला.

"आता नाही हलणार, दादा!"

यानने तिला स्वतः कॉफी आणून दिली. मला कधीच नाही!

आता पुढच्या शनिवारी मला हाक कोण मारणार?

दुरुस्त झालेली एखादी गोष्ट तुम्हालाही अशी झोंबलीय का?