आठ दिवस बंद ठेवलेला कंटेनर

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणायचे, वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. एका इस्पितळाचे सर्व्हर सांभाळणं हे आमचं काम. त्यावर प्रत्येक प्रोग्राम आपापल्या सामानासकट वेगळ्या कंटेनरमध्ये चालतो. झाकण लावलेला डबाच म्हणा. जुने डबे काढायचं जोखमीचं काम ताईकडे होतं, कारण आम्ही बाकीचे सगळे उतावळे.

तिची पद्धत ठरलेली. आधी स्टॉपची कमांड द्यायची, म्हणजे प्रोग्रामला आवरायला दहा सेकंद मिळतात. थेट किल मारून चालता प्रोग्राम तोडणाऱ्याला ती म्हणायची, "अरे, जेवत्या माणसाला ताटावरून उठवतोस का?" मग आठ दिवस डबा नुसता बंद ठेवायचा. कुणाची तक्रार आली नाही, तरच रिमूव्ह. बंद केलेला पुन्हा चालू होतो. काढला की गेला.

ताईला आईवडील नव्हते, मामा-मामींनी वाढवलं. गेल्या वर्षी त्याच इस्पितळात मामांच्या हृदयाची झडप बदलली होती. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, नाहीतर गुठळी. मामा पक्के विसरभोळे. पण संध्याकाळी सहाला इस्पितळाचा मेसेज वाजला की मुकाट उठून गोळी घ्यायचे. ताई त्या बाबतीत निर्धास्त होती.

त्या महिन्यात सर्व्हरवरची जागा भरली आणि साहेब डोक्यावर बसले. एका कंटेनरला मशीननेच काहीतरी नाव दिलेलं होतं, त्यावरून आत काय चालतं ते कळेना, आणि बनवणारा नोकरी सोडून गेलेला. एरवी ताई आत डोकावून बघायची. "नुसता पडून आहे तो," मी म्हटलं. मला काडीची माहिती नव्हती. हुशारी दाखवायची खोड, दुसरं काय! ताईने माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्टॉप केलं. आठ दिवस कुणी चकार शब्द काढला नाही. नवव्या दिवशी सकाळी तिने तो काढून टाकला.

दुपारी मामींचा फोन आला. मामांचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात उचलत नव्हता. ताई इस्पितळात धावली.

"आठवडाभर मेसेजच नाही गं," मामी म्हणाल्या. "हे म्हणाले, डॉक्टरांनी गोळी बंद केली असेल. उगाच कशाला विचारायचं त्यांना?"

ताईने तिथूनच मला फोन केला. तिचा आवाज ओळखू येईना. "मेसेज पाठवणारा तोच डबा होता रे. त्यात अजून कोण कोण होतं, बघ लवकर."

मी सगळं पालथं घातलं. पेशंटची यादी त्या कंटेनरच्या आतच होती, बाहेर कुठेही प्रत नाही. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, चाळीसेक जण असतील.

मामा वाचले, पण वाचा गेली. ताई त्यांच्यापाशी तासभरही बसली नाही. रेकॉर्ड रूममध्ये झडपेच्या ऑपरेशनच्या कागदी फायली उपसून एकेकाला फोन लावत राहिली. मी नंबर वाचून दाखवत होतो. दोन दिवसांत छत्तीस जण सापडले, सगळे धडधाकट. सदतिसावा फोन पेशंटच्या मुलीने उचलला.

"वडील गोळी घेताहेत ना?" ताईने विचारलं.

"बाबा परवा गेले," ती म्हणाली. "तुमचा मेसेज यायचा थांबला होता, म्हणून त्यांना वाटलं..."

"तो मी बंद केला," ताई म्हणाली. "चूक माझी आहे."

फोन स्पीकरवर होता. मी तिच्या शेजारीच बसलो होतो, आणि मी काहीच बोललो नाही.