पान बारावरची विहीर

चांद्याच्या रेश्माबाई ढमाले शाळेत गणित शिकवायच्या. २००८ साली त्यांनी आपल्या नोट्स इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवल्या. अट एकच: वापरा, बदला, पण मूळ लिहिणारीचं नाव द्या. लवळ्यात क्लास चालवणाऱ्या दयानंद सरांची तेवढीही दानत नव्हती. बाईंचं नाव उडवून त्यांनी नोट्सची पुस्तिका स्वतःच्या नावावर छापली.

बाई सरांच्या भरल्या वर्गात शिरल्या. "माझं नाव लिवायला हात झडले व्हते का?"

"पुरावा काय? हे मीच लिहिलंय," सर गुरकावले.

बाईंनी पुस्तिकेचं पान बारा उघडून त्यावरचं गणित पोरांना मोठ्यानं वाचून दाखवलं, "माझ्या माहेरची विहीर चाळीस फूट खोल आहे..."

मग पुस्तिका सरांच्या टेबलावर आपटली. "सांगा की सर, तुमचं माहेर कुटं हाय?"