घाईने कातरलेली मेंढी

यंदा माघातल्या एका सकाळी आमच्या कुडपण गावचा गडी महाडला माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, तुमचं दादा गेलं." खडू माझ्या हातात तसाच राहिला...

माझा हा थोरला भाऊ भातशेती सांभाळून डोंगरावर बारा मेंढरं पाळायचा. होळीच्या सुमारास ती ओढ्यात धुवायची आणि सुकली की कातरायची. त्याआधी दादा रोज एकेकीच्या लोकरीत मुळापर्यंत बोटं घालून, डोळे मिटून उभा राहायचा. थंडी सरली की खालची नवी लोकर जुनीला वर उचलते, तीच कातरायची वेळ, असं तो सांगे. पण बोटांना नेमकं काय लागतं? मी विचारलं की हसायचा. "तुझ्या पुस्तकात नाय ते, मास्तर." मला ते अजूनही ठाऊक नाही.

बारा वर्षांपूर्वी मी नाताळच्या सुट्टीत घरी गेलो. होळीला रजा मिळणार नव्हती, म्हणून आत्ताच कातरू, असा हट्ट धरला.

"तुझी सुट्टी बघू, का मेंढरांची थंडी?" म्हणत दादा कामासाठी खाली कापडे गावाला निघून गेला. वहिनी माहेरी होती. मी एका गाभण मेंढीचे पाय बांधले आणि कातर चालवली. आपण मदतच करतोय, असं मला खरंच वाटत होतं... त्या संध्याकाळपासून डोंगरावर गार वारा सुटला. तिसऱ्या दिवशी मेंढी गेली, पोटातल्या कोकरासकट.

त्याच दिवशी वहिनी परतली, तेव्हा मेंढीपाशी बसलेला दादा म्हणाला, "मीच कातरली. चुकलं माझं." मी तिथेच उभा होतो. बोललो नाही. गाव दादाला हसलं, तेव्हाही बोललो नाही. पुढे त्याने मला कातरणीला कधी बोलावलं नाही. तो राग असणार, असं मी धरून चाललो.

गेल्या आठवड्यात वहिनीचा निरोप आला, कातरणीला या. ओढ्याकाठी मी तिला सगळं सांगून टाकलं. मेंढीचा कान खाजवत ती ऐकत होती.

"ठाव हाय, भावजी. मेलेल्या मेंढीच्या पाठीवर लोकर कुठं उंच, कुठं खोल, नुसत्या पायऱ्या पडल्या होत्या. ह्यांचा हात असा चालतो व्हय?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"ह्यांना वाटलं, मला पटलं. मी तसंच वाटू दिलं."

"दादाचा राग होता माझ्यावर?"

"राग कसला! मास्तरला ते आठवंल, नको बोलवायला, म्हणायचे."

बारा वर्षं... वहिनीने मेंढी आडवी केली आणि कातर उचलली.

"आता धरा पाय."

मी दोन्ही हातांनी आवळून धरले.

"एवढं घट्ट नाय, भावजी. आपण सोडणार हाय, हे तिला कळाया हवं."

हे दादाचंच शिकवणं असणार. मी पकड जरा सैल केली.