आमच्याशिवाय झालेला समेट

गावकीने तीन घरं वाळीत टाकली. कारण एवढंच, की त्यांतला एकजण गावकीने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध ग्रामपंचायतीला उभा राहिला. दुकानदार त्यांना मीठसुद्धा देईना. शेवटी तिन्ही घरं म्हसळ्याला भाड्याच्या खोल्यांत गेली. मी गावच्या शाळेत शिकवत होते. त्या दिवसांत मीही त्यांच्याशी बोलले नाही, हे आधीच सांगून टाकते.

पुढे तालुक्याच्या कचेरीतून या बहिष्काराबद्दल विचारणा झाली, तेव्हा गावाने समेटाची सभा घेतली. अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवलं. मंडपात पंच, पाहुणे, शाली, पेढे, सगळं होतं. त्या तीन घरांतलं कुणीच नव्हतं.

"त्यांना निरोप गेलाय ना?" मी पंचांना विचारलं.

"त्यांचं काय ते आमाला ठावं हाय, बाई. तुमी लिवा," ते पेढा चघळत म्हणाले.

मी लिहिलं : ‘उभय पक्षांत संपूर्ण सलोखा झाला.’ टाळ्या पडल्या. पंचांची किळस आलीच, पण त्याहून जास्त माझ्या त्या वळणदार अक्षराची आली.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन म्हसळ्याला गेले. त्या घरांतल्या एका सुनेची मुलगी पूर्वी माझ्या वर्गात होती. ती सून बोंबील साफ करत होती. तिला मी पान वाचून दाखवलं.

"आमी कवा आलो सभेला?" ती म्हणाली. मग हात थांबले. "बाई, गाव सोडायच्या आदी सासरा मेला. खांदा द्यायला एक मानूस आला न्हाय. टेम्पोत घालून नेला त्याला. ह्ये लिवलंय का यात? समेट करायचा तर पंचांनी माज्यासमोर बसावं आनि ह्ये ऐकावं."

ते मी तिच्याच शब्दांत त्या पानाखाली लिहिलं, तिची सही घेतली आणि एक प्रत तालुक्याच्या कचेरीत दिली. वही परत केली तेव्हा पंचांनी ते पान फाडलं. "बाई, खाल्ल्या घरचे वासे मोजता व्हय?" म्हणाले.

महिन्याभराने कचेरीत दोन्ही बाजूंना बोलावलं. सून उभी राहिली, तसं पंचांनी "झालं गेलं..." सुरू केलं.

"माजं संपलं न्हाय," ती म्हणाली, आणि तिने टेम्पोपासून सगळं सांगितलं. पंच पंख्याकडे बघत बसले. माफीचा शब्द निघाला नाही.

दोन घरं परतली. सून परतली नाही. पंच अजून रस्त्यात मला हसून नमस्कार करतात, आणि दर वेळी माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं.