आतलं कापड

कौसामावशी पहिल्यांदा भेटली तेव्हा तिनं माझं नाव विचारलं नाही. माझ्या साडीचा पदर धरला. एकलहऱ्याच्या रस्त्यालगत आम्ही नवं घर बांधून राहायला आलो होतो. वास्तुशांतीची गडबड चालू होती आणि मी हौसेनं घेतलेली हिरवी सुती साडी नेसले होते. समोरच्या घरातली ही ठेंगणी बाई आली, पदराचं टोक चिमटीत धरून चोळलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाली, "चांगली हाय. विरली की मला दे. बोहारणीच्या डोंबलावर घालू नको." माझ्या कोऱ्या करकरीत साडीच्या म्हातारपणाची सोय लावून बाई प्रसाद घेऊन निघून गेली. मी नवऱ्याला म्हटलं, शेजार काही धड दिसत नाही.

पुढे कळलं, हे सगळ्यांच्याच बाबतीत व्हायचं. गल्लीत कुणाच्या अंगावर काय आहे, ते अजून किती दिवस टिकेल, याचा मावशीला पक्का अंदाज असे. आमच्या ह्यांच्या लेंग्यावर तर तिचा इतका डोळा होता की तो दोरीवर वाळत घालायची त्यांना भीती वाटायची. जवळच्या औष्णिक वीजकेंद्राची राख वाऱ्यावर यायची आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. आम्ही बायका वैतागायचो. मावशी येता-जाता आमचे कपडे झटकून द्यायची आणि झटकता झटकता कापड पारखून घ्यायची. सुती असेल तर "शहाणं हाय" म्हणायची. टेरीकॉट असेल तर नाक मुरडायची. "दीडशहाणं! घाम पीत नाय, ऊब देत नाय, नुस्तं चमकतं."

तिचे यजमान त्याच वीजकेंद्रात कामगार होते; निवृत्तीनंतर दोन-चार वर्षांतच गेले. माहेर-सासर दोन्ही निफाडकडचं. घरात ती, मुलगा संजू, सून वर्षा आणि नात स्वरा. शिवाय खाटेखाली, माळ्यावर आणि दाराआड बोचकी. प्रत्येक बोचक्यात कुणाकुणाकडून मागून आणलेलं जुनं कापड. वर्षभर ते नुसतं साठत जायचं.

सर्वपित्री अमावास्या झाली, घरोघरच्या बायकांनी घटाआधी अंथरुणं-पांघरुणं धुऊन वाळवली, की मावशी बोचकी सोडायची. तिथून दिवाळीपर्यंतचा महिना तिच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या अंगणात जायच्या आणि फरशीवर एक जुनं लुगडं ताणून पसरलं जायचं. चार कोपऱ्यांवर वजनाला पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि संजूचं व्यायामाचं डंबेल. मग लुगड्यावर कापडांचे थर, त्यावर दुसरं लुगडं, आणि मावशी स्वतः त्यावर मांडी घालून कडेकडेनं टाके घालत आत सरकायची. कुणाच्या लेकीच्या बाळंतपणासाठी दुपटं, कुणाला बसकर, कुणाच्या दिवाळीच्या पाहुण्यांसाठी मोठी गोधडी. वर्षा कामावर जायची, म्हणून त्या महिन्यात दुपारचा डबा आम्ही तिला नेऊन द्यायचो; चूल पेटवायची तिला आठवणच राहत नसे. मी एकदा मदत करायला बसले, तर माझे टाके पाहून म्हणाली, "बाई, येवढा लांब टाका? पायाचा आंगठा अडकून माणूस पडंल की निजल्या जागी." माझे टाके उसवून तिनं मला चहा करायला पाठवलं.

वरचं कापड रंगीत, ठिगळं जुळवून लावलेलं. पण तिचा जीव आतल्या कापडात. कुठलं आत घालायचं यावर तिचा दिवस जायचा. मी म्हणायचे, "मावशी, आतलं कुणाला दिसतंय?" ती म्हणायची, "दिसत नाय, पण लागतं. वरचं डोळ्याला, आतलं अंगाला." नव्या बाळाच्या दुपट्यात ती म्हाताऱ्या, सुखानं नांदलेल्या माणसांचं कापड घालायची. भांडकुदळ घरातलं कापड पायपुसण्यात जायचं. कोणाचं कुठं गेलं हे ती सांगत नसे. त्यामुळे आमच्या दारातल्या पायपुसण्याबद्दल मला शेवटपर्यंत शंका होती.

मग संजू गेला. सिन्नर फाट्याजवळ ट्रकनं मोटारसायकल उडवली. तेव्हा स्वरा तीन वर्षांची होती. त्या वर्षापासून मावशीनं बोचकी सोडली नाहीत आणि गल्लीतही कुणी विषय काढला नाही. गेलेल्याचे कपडे आमच्याकडे दहाव्याला नदीवर नेतात, नाहीतर देऊन टाकतात. तसे बरेचसे गेलेही. पण काही शर्ट तिनं मागे ठेवले, आणि शाळेतल्या कवायतीचा एक पांढरा सदराही. सगळे त्याच्याच निळ्या लुंगीत बांधून उशाशी ठेवले. ते बोचकं मी कधी उघडलेलं पाहिलं नाही.

पुढे दोन-तीन वर्षांनी वर्षाचं दुसरं लग्न करून द्यायचं हे मावशीनं स्वतः मनावर घेतलं. वर्षा नको नको म्हणत होती. मावशीची नणंद शांताबाई गावाहून येऊन रागावून गेली. मावशी बधली नाही. "मी आज हाय, उद्या नाय. तीस वर्षांची पोर ही. मह्या खाटेचा पाय धरून बसंल का जलमभर?" शेवटी विंचूरचं स्थळ जमलं. नितीन नावाचा मुलगा, कांदा मार्केटात कामाला, जमीन थोडी म्हणून पस्तिशी उलटली तरी लग्न राहिलेलं. त्याच्या घरच्यांचं म्हणणं, मुलगी काही दिवस आजीकडेच राहू दे. मावशीला याहून गोड काय असणार? पण तिनंच नाही म्हटलं. "पोर आईसंगं जाईल, नायतर सोयरीक नाय." स्वतःच्या हातानं स्वतःचं घर रिकामं करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

तुळशीच्या लग्नानंतरची तारीख ठरली आणि त्या वर्षी अमावास्येनंतर मावशीनं पुन्हा बोचकी सोडली. दोन गोधड्या करायच्या होत्या, एक वर्षाला, एक स्वराला. वर्षाच्या गोधडीसाठी ती घरोघर फिरली. "जितं कापड दे. नांदत्या बाईचं दे." माझी ती हिरवी साडी अजून चांगली होती, तरी मी दिली. तिनं स्वतःचं मात्र काहीच घातलं नाही. मी म्हटलं, तुमचं एखादं लुगडं घाला की. तर म्हणाली, "मह्यासारखीचं नको. तिच्या संसारात मह्या कपाळाची सावली कशाला?" मी तिच्यावर चिडले, खूप बोलले. तिनं मान वर न करता सुईत दोरा ओवला.

एके दिवशी दुपारी वर्षा कामावरून लवकर आली. मी तिथंच बसले होते. गोधडीचा वरचा थर अजून टाकायचा होता. वर्षा मावशीच्या समोर बसली आणि म्हणाली, "आई, ह्यांचा एक तरी शर्ट घाला यात."

"नाय."

"आत घाला. कुणाला दिसणार आहे?"

"दिसणार नाय, पण तुला ठावं राहील ना." मावशीचा आवाज कडक होता. "त्या माणसाच्या घरात रोज मह्या पोराला पांघरून निजशील, मग त्या जित्यानं जायचं कुठं? तसं करायचं असंल तर जाऊच नको."

वर्षा उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज येत राहिला. मावशी वरच्या ठिगळांना टाके घालत बसली. मी पाहिलं तर सगळे टाके लांब लांब पडले होते. माझ्याच्यानं तिथं बसवेना.

निळं बोचकं सुटलं ते स्वराच्या गोधडीसाठी. "बाईला मागचा नवरा नको पांघरायला, पण लेकराला बाप पायजे," ती मला म्हणाली. वर स्वराच्याच लहानपणच्या फ्रॉकांची फुलाफुलांची ठिगळं आणि आत संजूचे शर्ट, एकावर एक. बाह्या उसवून तिनं सपाट केल्या, बटणं काढून घेतली. कवायतीचा सदरा अगदी मधोमध घातला. एक शर्ट ती बराच वेळ मांडीवर घेऊन बसली, मग तोही घातला. मी म्हटलं, "मावशी, एक ठेवा तुम्हाला." ती म्हणाली, "ठेवला आन् मी मेले तर? मह्या कापडांसंगं त्यालाही नदीवर नेतील लोक. एकदा नेलं, बास झालं."

शांताबाई लग्नाला म्हणून आधीच आल्या होत्या. हे पाहून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "वैनी, येडी झाली का? मयताचं कापड लग्नाच्या घरी धाडती? त्यांना कळलं तर उकिरड्यावर फेकतील, आन् पोरीला वर ऐकवतील." मावशीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण तो शब्द तिला लागला. त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला तो एकच, की विंचूरच्या लोकांना कळलं तर संजू उकिरड्यावर जाईल.

खरी चूक तिनं त्यानंतर केली. स्वराला जवळ घेऊन तिनं सांगितलं की यात तुझे पप्पा आहेत, आणि तिथं कुणाला सांगायचं नाही. वर गळ्याची शपथ घातली. सहा वर्षांच्या पोरीला! जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आमच्या घरात काल काय शिजलं हे जी सगळ्या गल्लीला सांगते, तिला! मी कपाळाला हात लावला. मावशी ओशाळून म्हणाली, "मंग तिला कळायला नको का, आत कोण हाय ते?"

लग्न झालं. घरच्या घरी, थोडक्या माणसांत. जाताना स्वरा गोधडीची गुंडाळी छातीशी धरून गाडीत बसली, कुणाच्या हाती देईना. मावशी दारातून हसून हात हलवत होती. गाडी वळली तशी ती उंबऱ्यावर खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मी शेजारी बसले.

त्या हिवाळ्यात नाशकात कडाक्याची थंडी पडली. वर्षाचा फोन रोज यायचा. मावशी विचारायची, जेवली का, शाळेत जाते का, सासू बरी आहे का. गोधडीचं तेवढं विचारायची नाही. "विचारा की एकदाचं," मी म्हणायचे. "फेकली असंल तर तिला खोटं बोलावं लागंल," ती म्हणायची. विंचूरला चला म्हटलं तर तेही नको. "सारखं गेलं की पोरींचं मन तिथं लागायचं नाय." मग माझ्याकडे पाहून, जणू मला माहीत असावं तसं विचारायची, "पोर काय पांघरत असंल गं?" मी म्हणायचे, तीच पांघरत असेल. तिचा विश्वास बसायचा नाही. मी तरी काय पाहिलं होतं?

फाल्गुनात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि मावशी गेली. वर्षा पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. माझ्याच हातून तिच्या तोंडात पाणी गेलं. पोटच्यासारखी जपलेली ती सून, ती नात, कुणी जवळ नव्हतं, याची हळहळ माझ्या मनातून जात नाही.

दहाव्याच्या दिवशी सकाळी घरात बायका जमल्या होत्या. शांताबाई मावशीची लुगडी गोळा करत होत्या, वर्षा त्यांच्याजवळ सुन्न बसली होती. नितीन आत आला नव्हता. बाहेर गाडीत बसला आहे म्हणाले, म्हणून मी त्याला चहा घेऊन गेले. मागच्या सीटवर त्याच्या मांडीवर डोकं ठेवून स्वरा झोपली होती. अंगावर ती फुलाफुलांची गोधडी.

मी चहा तसाच हातात धरून उभी राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "आवडते वाटतं तिला फार?"

"काकू, मला ठाऊक हाय आत काय हाय ते," नितीन हळू आवाजात म्हणाला. "लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं तिनं. आन् वर म्हणली, आजीनं शपथ घातलीय, तुम्ही कोणाला सांगू नका."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? थंडी लय होती. तीच म्हणली, पप्पांना सांगते तुम्हालाही आत घ्यायला. अर्धी मह्या अंगावर टाकली. तवापासून रोज टाकते."

त्यानं स्वराच्या पायावरून सरकलेली गोधडी नीट केली. मला रडू आवरेना. मी म्हटलं, "अहो, मावशीला एवढं सांगायचं होतंत. हिवाळाभर याच घोरात होती ती."

त्यानं मान खाली घातली. "फोनवर सांगायला बरं वाटंना, काकू," तो म्हणाला. "पाडव्याला येणारच होतो. समोर बसून सांगू म्हणलं होतं."