गालाला हात लावायचा नाही

माझ्या चेहऱ्याची खरी अवस्था मला आरशाने कधी सांगितली नव्हती. आरसा भिंतीवर असतो, आपण त्याच्यासमोर हनुवटी जरा उचलून उभे राहतो, आणि दोघांचंही भागतं. सांगितलं ते मोबाइलने. मुलगा बंगळूरला नोकरीला आहे. एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा माझे हात कणकेत होते. फोन ओट्यावर आडवा ठेवला आणि त्याच्यावर ओणवी होऊन बोलायला लागले. पडद्याच्या कोपऱ्यात एक बाई दिसली. तिचे गाल पुढे लोंबत होते आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या पिशव्या लटकत होत्या. मला क्षणभर वाटलं, मधेच आमच्या आत्याचा कॉल जोडला गेला. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, काय झालं? रडतेयस का?"

मी त्याला शेजारच्या काकांच्या स्कूटरचा किस्सा सांगत होते. हसत होते मी!

आता आमच्या घराण्यात किस्से सांगायचं काम माझ्याकडे. बारसं असो, वास्तुशांत असो, जेवणं झाली की "हं, सांग गं" म्हणून मला मधे बसवतात. आणि माझाच चेहरा असा, की ऐकणाऱ्याने रुमाल काढावा. ते काही मला सोसेना. महिनाभर कोपर स्टेशनपासून घरापर्यंत येताना प्रत्येक दुकानाच्या काचेत स्वतःला बघून झालं आणि मग मी नौपाड्यातल्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नाव नोंदवलं.

त्यांनी माझा गाल दोन बोटांत धरला, सोडला, परत धरला. म्हणाल्या, "एका उपायाने नाही भागायचं, ताई. त्वचा सैल झालीय, आतला भाग खाली उतरलाय आणि गालावरचा भराव कमी झालाय. तिन्हीला वेगवेगळं करावं लागेल. कापाकापी मात्र काही नाही."

आधी अल्ट्रासाउंडच्या लहरींनी कातडीच्या खोल थराला शेक द्यायचा, म्हणजे तो हळूहळू आवळतो. मग कानशिलाजवळून सुईने बारीक दोरे आत सोडायचे आणि गाल वर ओढून घ्यायचा. दोरे पुढे आपोआप विरघळतात. आणि शेवटी, जिथे खळगा उरेल तिथे थोडं फिलर. घरी येऊन मी हे नवऱ्याला आमच्या भाषेत सांगितलं. आधी गादी तापवायची, मग टाके घालून ताणायची, मग खड्डा पडलाय तिथे थोडा कापूस भरायचा.

त्याने पेपर खाली केला. "खोळ तीच राहणार ना?"

मी डॉक्टरांना म्हटलं होतं, सगळं एकाच दिवशी उरकून टाका, डोंबिवलीहून सारखं कोण येणार! त्या हसल्या. मग शेक आधी झाला. जबड्याच्या हाडावरून कुणी तापलेली टाचणी फिरवावी तसं वाटलं, पण झाला. त्यानंतर दीडेक महिन्याने दोरे आणि फिलर. ही दुसरी तारीख मी फार हुशारीने निवडली होती. आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाला त्यानंतर पुरता महिना होता.

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. आई नोकरी करायची, त्यामुळे शाळा सुटली की माझं दप्तर आत्याच्या घरी जाऊन पडायचं. आता ती मुलाकडे, बाळकुमला असते. ऐंशी वर्षं आणि वर आठ महिने झाले की माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरतात, त्याचा हा समारंभ. सगळं घराणं येणार, फोटो निघणार, जेवणानंतर किस्से होणार. म्हटलं, तोवर सूज उतरेल, आपण अशा वर ओढलेल्या गालांनी प्रवेश करू.

दोरे घालून दुसरा दिवस. वहिनीचा, म्हणजे आत्याच्या सुनेचा फोन. "अगं, कार्यक्रम अलीकडे घेतलाय. ह्यांची रजा पुढे मिळत नाहीये, आणि गुरुजींनाही हीच तारीख सोयीची. पुढचा शनिवार."

मी बोटं मोजली. दोऱ्यांचा नववा दिवस!

डॉक्टरांनी तीन आठवड्यांची पथ्यं दिली होती. उताणं झोपायचं. तोंड मोठं उघडायचं नाही, जांभईसुद्धा मुठीत. कडक काही चावायचं नाही. मोठ्याने हसायचं नाही. (नेमक्या याच दिवसांत माझा नवरा विनोदी झाला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तेव्हा नाही सुचलं त्याला.) आणि सगळ्यांत महत्त्वाचं, गाल दाबायचा नाही, चोळायचा नाही, कुणाला हात लावू द्यायचा नाही. जोरात दाब आला तर दोरा सुटतो आणि ती बाजू खाली येते.

एरवी माझे दोन्ही गाल लोंबत होते, पण निदान समान लोंबत होते. एक वर आणि एक खाली घेऊन मी उरलेलं आयुष्य कुठे काढणार होते? आणि हे सगळं मी आपल्या हौसेने केलेलं, म्हणजे कुणाला नावं ठेवायचीही सोय नाही.

आता आत्याचं सांगते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी आत्या माणूस हातांनीच बघते. मी नमस्कार करून उठले, की ती माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरते, आंबा पिकलाय का बघावं तसे गाल दाबते, कपाळापासून हनुवटीपर्यंत हात ओढते आणि आपल्या कानशिलांवर नेऊन दहाही बोटं मोडते. माझ्या लहानपणी ती बोटं लवंगी माळेसारखी वाजायची. आता संधिवाताने सांधे सुजलेत. कित्येक वर्षांत एक बोट वाजलेलं नाही. पण आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखी सगळी हालचाल ती तश्शीच करते.

"तिला सरळ सांगून टाक ना," नवरा म्हणाला.

जिने जन्मभर साय आणि डाळीच्या पिठापलीकडे तोंडाला काही लावलं नाही, तिला मी काय सांगू, की गालात दोरे ओवून घेतलेत?

"मग गळ्याला पट्टा लाव. मान धरली म्हण."

"अहो, मान धरली तर ती मानसुद्धा चोळून देईल."

शेवटी ठरलं, की दोन्ही हातांत सतत काहीतरी धरून राहायचं. शनिवारी बाळकुमला पोचले ती थेट ओवाळणीच्या तबकाला चिकटले. आत्या पाटावर बसलेली, भोवती दिवे लावलेले, अंगावर नवी मोतिया रंगाची साडी. मी तबक मधे धरून ओवाळलं, तबक मधे धरूनच वाकले आणि तशीच मागे सरकले. वहिनी म्हणाली, "बारीक झालीस का गं?" मी ओठ न उघडता हसले. जमलं होतं!

फोटोच्या वेळी आत्या मोठ्याने म्हणाली, "ती कुठाय आमची? सकाळपासून तबक घेऊन भटजीसारखी काय फिरतेय? ठेव ते खाली. इकडे ये."

वीस-पंचवीस माणसं बघत होती. गेले. वाकले. तिने दोन्ही तळव्यांत माझा चेहरा धरला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. दाबला. हात खाली ओढले, वर नेले, आणि माझ्या उजव्या कानाशी स्पष्ट आवाज झाला. कट्.

कसाबसा चेहरा तळहाताने सावरून धरला आणि नवऱ्याला बाजूला घेतलं. "तुटला."

"काय तुटलं?"

"दोरा. उजवीकडचा. आवाज आला."

त्याचा विनोद एकदम पळाला. "दुखतंय?"

"नाही. म्हणजे आता सगळं खाली येईल."

डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "या, दोनपर्यंत आहे मी." दाढ ठणकतेय असं सांगून आम्ही पानं वाढायच्या ऐन वेळी निघालो. बाळकुम ते नौपाडा रिक्षाने मी गालाखाली हात धरून गेले, आणि प्रत्येक खड्ड्याला नवरा "हळू, हळू" करत होता. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "दाढ काय, ताई? लवंग धरा." मी मान हलवली. मनात म्हणत होते, कोणी सांगितलं होतं? मुलगा रडतेयस का म्हणाला तर म्हणाला. नसतं बघितलं त्या फोनमध्ये. कणीक आधी मळून घ्यायची होती.

दवाखान्यात आमच्याआधी एक पेशंट आत होती. बाकावर बसतोय तोच वहिनीच्या नंबरवरून फोन. वहिनी नव्हती, आत्या होती.

"अगं, न जेवता गेलीस ती गेलीस, पण ऐकलंस का तू? तुला ऐकू आलं का?"

"काय, आत्या?"

"बोट वाजलं माझं! डाव्या हाताचं, मधलं. तुझ्यावरून बोटं मोडताना. किती वर्षांनी गं! मी सगळ्यांना सांगतेय तर कुणी विश्वास ठेवत नाही. तू जवळ होतीस, तू सांग ह्यांना."

मी नवऱ्याकडे बघितलं. आणि मग आठ-नऊ दिवसांचं साठलेलं सगळं हसू एकदम आलं. आवरेना. आ वासून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटले. नवरा हातवारे करत होता, "अगं तोंड! तोंड!" काउंटरवरच्या बाई उभ्याच राहिल्या. तेवढ्यात दार उघडून डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की दोरा तुटलेली पेशंट ही.

आत नेऊन त्यांनी दोन्ही बाजू नीट तपासल्या. बोटांनी चाचपलं, समोरून बघितलं, बाजूने बघितलं. बोट वाजलं ते खरं, पण दाबलं होतं तेही खरं, आणि आता वर हे हसणं.

"सगळं जागेवर आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजू सारख्या. पण अजून बारा दिवस सांभाळा. परत असं नको."

"दाबणं नको की हसणं?" नवऱ्याने विचारलं.

"दोन्ही."

बाहेर आले तर नौपाड्यातलं ते दुपारचं ऊनसुद्धा मला छान वाटलं. आणि भूक लागली! परत रिक्षा केली, बाळकुम.

पंगती उठून गेल्या होत्या. आत्या आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. मी गेल्यावर तिने दार लोटायला सांगितलं. "आता खरं सांग. दाढ नाही ना? दाढेचा गाल एकाच बाजूला सुजलेला लागतो. तुझे दोन्ही सारखेच टणक लागले."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं ते हिने दाबून आधीच ओळखून ठेवलं होतं. मी सगळं सांगून टाकलं. शेक, दोरे, भराव, सगळं. तिने मधे एकदाही "अगंबाई" केलं नाही.

"दुखतं का?"

"आता नाही."

"आणि परत खाली येतील?"

"वर्षा-दीड वर्षाने येतील थोडे थोडे."

तिने विचार केला. "मग तोवर फोटो काढून घे." आणि स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून ओरडली, "अगं, हिच्यासाठी पोळी आण. आणि दूध. वाटी मोठी आण."

वहिनीने पुरणाची पोळी, दूध आणि तूप आणलं. आत्याने ती आपल्या त्या सुजलेल्या बोटांनी बारीक कुस्करली, वर दूध ओतलं, चमच्याने ढवळलं. तिचे दात गेल्यापासून तीही पोळी अशीच खाते. माझ्या निमित्ताने स्वतःसाठीही तिने अर्धी कुस्करून घेतली. दाराशी येऊन नवऱ्याने विचारलं, "झालं का दाढेचं?" आणि आत्या अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "हो. बारा दिवस पथ्य आहे. घरात तिला हसवायचं नाही."

मग तिने आपल्या वाट्याचं तूपही माझ्या वाटीत ओतलं.

"चावू नकोस हं," ती म्हणाली. "नुसती गिळ."