खिडकीसमोरचं रीडिंग

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, माझं सगळं आपल्याला माहीत आहे असं समजणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. मग तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माझं काम आवाज मोजण्याचं. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. रस्ता रुंद व्हायचा असला की आमच्यासारख्यांना बोलावतात. आम्ही तिवईवर मीटर लावतो, दुचाकी किती, ट्रक किती ते मोजतो आणि सगळं कॉम्प्युटरमध्ये भरून मॉडेल तयार करतो. उद्या कुठल्या दाराशी किती आवाज येईल ते मॉडेल सांगतं, आणि आवाज अडवणारी भिंत कुठे बांधायची ते त्यावरून ठरतं. रुक्ष वाटतं ना ऐकायला? मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

चिंचोळी एमआयडीसी मागे टाकून टेंभुर्णीकडे निघालं, की एका गावाची शाळा लागते. दोन खोल्या, खिडक्या थेट रस्त्याकडे. तिथे शिंदेबाई शिकवायच्या. मी गेले तेव्हा एप्रिल होता, सकाळची शाळा होती. बाईंनी आधी पाणी दिलं. त्यांचा आवाज पार बसलेला.

"बरं झालं आलात मॅडम," त्या म्हणाल्या. "ट्रक आला की मी थांबते, पोरं थांबतात. निम्मा तास थांबण्यातच जातो बघा. आमचं कोण ऐकतंय? तुमचं मशीन तरी खरं सांगंल की."

मीटर वर्गाच्या खिडकीसमोर लावायचा होता. लावलाही. पण मधली सुट्टी झाली, मुलं भोवती जमली, एकीने माइकजवळ तोंड नेऊन कू केलं — रीडिंग वाया. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. मी सरळ तिवई उचलली आणि शाळेच्या मागे गेले. तिथे लिंबाची सावली होती, शांतता होती — असणारच, रस्ता आणि मीटर यांच्या मध्ये आख्खी इमारत उभी होती! जरा बसू, मग पुढे जाऊन नीट मोजू, असं मनाशी म्हटलं. गेले नाही. मागचंच रीडिंग घेतलं आणि नोंदीच्या कागदावर लिहिलं — जागा : रस्त्याकडची खिडकी.

हीच का ती चूक? थांबा. नुसता आळस असता, तर मी इतकी वर्षं अशी गप्प राहिले नसते.

त्या दिवशी माझ्याबरोबर रफिकभाई होते. पन्नाशी ओलांडलेले, आधी यंत्रमागावर होते. मागांच्या खडखडाटात कान निम्मे गेलेले, पण नजर पक्की. मी सावलीत होते तेव्हा ते रस्त्याच्या कडेला, टॉवेल डोक्यावर घेऊन, एकेका गाडीची रेघ ओढत उभे होते. मी चहाला हाक मारली तर हातानंच नको म्हणाले. गाडी सुटेल म्हणून.

आठवड्याने ऑफिसात मॉडेल आणि मोजमाप जुळेना. मॉडेल म्हणत होतं, त्या खिडकीशी आवाज बराच जास्त असायला हवा. सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. मला विचारलं, "मीटर नक्की कुठे ठेवला होता?"

मला उत्तर माहीत होतं की नाही? होतं. मागे ठेवला होता सर, चुकलं, उद्या जाऊन परत मोजते — एवढंच तर बोलायचं होतं. तासाभराचा रस्ता. थोडी बोलणी बसली असती, बाकी काही नाही. पण मी कामाला पक्की म्हणून ऑफिसात माझं नाव होतं, आणि ते मला — कसं सांगू — फार आवडायचं.

मी म्हणाले, "खिडकीसमोरच, सर."

"मग ट्रकच जास्त लिहिले गेले असणार," असं म्हणत सर रफिकभाईंकडे वळले. बसल्या जागी अंदाजे रेघा मारल्यात का, असं विचारलं. रफिकभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "म्याडम, तुमी होता की तितं. मी येक बी ट्रक जास्ती लिवला न्हाय."

मी स्क्रीनकडे बघत राहिले.

त्यांनी उन्हात उभं राहून मोजलेले ट्रक मी माझ्या हातानं कमी केले. मॉडेल माझ्या रीडिंगशी जुळेपर्यंत कमी केले. शाळा आवाजाच्या मर्यादेच्या आत बसली, भिंतींच्या यादीतून तिचं नाव गेलं. रफिकभाईंना पुढच्या कामाला कुणी बोलावलं नाही. त्यांनीही का म्हणून विचारलं नाही.

रस्ता झाला. दोन वर्षांनी त्या बाजूला गेले होते, तेव्हा शाळेपाशी उतरले. रस्त्याकडच्या खिडक्या गावकऱ्यांनी विटा लावून बुजवून टाकल्या होत्या. भर सकाळी वर्गात दिवे लागलेले, आत उकाडा, आणि मुलं ट्यूबच्या उजेडात वाचत होती. शिंदेबाई नव्हत्या. घसा कायमचा गेला, नोकरी सोडली, असं कळलं.

मग त्या मला अक्कलकोटला भेटल्या, दर्शनाच्या रांगेत. त्यांनीच ओळखलं. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती, म्हणून अगदी कानाशी येऊन कुजबुजल्या, "तुम्ही आलात, मोजलंत. मशीनलाच ऐकू आलं न्हाय, त्याला तुम्ही काय करणार?"

त्या माझी समजूत घालत होत्या. माझी! तेव्हा तरी सांगायचं होतं ना? रांग हळूहळू सरकत होती, वेळ भरपूर होता. मी वाकून नमस्कार केला, तब्येत विचारली, गावाकडचं विचारलं. बाकी काही बोलले नाही.

मीटरनं मागची शांतता मोजली, कारण मी त्याला तिथे नेलं होतं. मॉडेल बरोबर होतं. रफिकभाईंचे ट्रक बरोबर होते.

त्यांचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी लावलेला नाही.